जलशाची तालीम

आंबेडकरी जलशाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक जलसा उभा राहिल्यानंतरचे आहे. शाहीर कोण होता, कवने कोणत्या विषयावरची होती, कोणत्या परिषदेच्या आदल्या रात्री कोणाचा जलसा झाला, याच्या नोंदी थोड्याबहुत सापडतात. पण जी माणसे कधी चार लोकांसमोर मान वर करून बोलली नव्हती, ती गॅसबत्तीच्या उजेडात साऱ्या गावासमोर पाटलाची आणि सावकाराची नक्कल कशी करू लागली, याची नोंद जवळजवळ नाहीच. मला त्या मधल्या रात्रींविषयी लिहायचे आहे. आमच्याकडे त्या रात्रींना तालीम म्हणत.

लिहायला कारण घडले ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात एका संस्थेने मुलांसाठी तीन दिवसांची नाट्यकार्यशाळा घेतली. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. माणसे सज्जन होती, मुलांशी गोड बोलत होती. त्यांनी मुलांना गोल बसवले, टाळ्यांचे खेळ घेतले, डोळे मिटून चालायला लावले. मग त्यांच्यातला एक तरुण आम्हा मोठ्यांकडे वळून म्हणाला, ‘या मुलांपर्यंत कला कधी पोहोचलीच नाही. ती पोहोचवायला आम्ही आलो आहोत.’ दाराशी आमच्या वस्तीतले एक म्हातारबाबा उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी त्यांनी जलशात सोंगाड्याचे काम केलेले. आत येऊन बसू का, असे त्यांनी विचारले. कार्यशाळा आठ ते चौदा वयोगटासाठी आहे, असे उत्तर मिळाले. बाबा हसले, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले.

‘पोहोचवणे’ हा शब्द मला तेव्हापासून टोचतो आहे. त्यात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. आमच्या आज्या-पणज्यांच्या ओंजळीत गावाने जे पाणी वरून ओतले तेही एका अर्थाने पोहोचवलेलेच होते.

कला आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती हे खरे असते तर आमचे निम्मे दुःख कमी झाले असते. कला आमच्या गळ्यात बांधलेली होती. गावच्या लग्नात आणि मिरवणुकीत वाजवायचे ते मांगाने, दवंडी द्यायची ती महाराने. तमाशाच्या फडात नाचणारी, गाणारी, वाजवणारी माणसे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या जातींची. वाजवणारा हात हवा आणि त्या हाताचा स्पर्श नको, अशी ती व्यवस्था. त्या हाताला कलावंत म्हणावे असे गावाला कधी वाटले नाही, आणि जातीचे काम म्हणून लादलेली गोष्ट कला आहे असे आम्हालाही वाटले नाही.

या संदर्भात पठ्ठे बापूरावांची हकीकत आठवते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लावण्या फडावर गाजवल्या त्या पवळाबाई हिवरगावकर या महार स्त्रीने. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी आपल्या खेळाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असे चळवळीत सांगितले जाते. आमच्या बायकांच्या नाचण्यातून आलेला पैसा आमच्या मुक्तीला नको, असा त्या नकाराचा अर्थ. तो अर्थ मला मान्य आहे. पण पवळाबाईंना काय वाटले हे कोणी विचारल्याचे मात्र मला कोठेही आढळले नाही. या प्रश्नाकडे मी पुन्हा येईन.

म्हणजे चळवळीपुढे पेच असा होता की ज्या वाद्याने गुलामीची वर्दी दिली तेच वाद्य हाताशी होते. दुसरे आणायचे कोठून? लोक वाचू शकत नव्हते. ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघाला, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये, ‘जनता’ १९३० मध्ये. अंक गावात आला तरी वाचणारा एखादाच. पत्राला कान आणि तोंड मिळवून देणारे काहीतरी हवे होते.

याची वाट जोतीरावांनी घालून ठेवली होती. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. जोशीबुवाने एका कुणबी जोडप्याला ग्रहांच्या भीतीने कसे लुबाडले, अशी त्याची गोष्ट. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे ते छापले गेले नाही. या नाटकाचा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. फसवले गेलेले ते जोडपे शेवटी रडत बसत नाही, ते रात्रीच्या शाळेत शिकायला निघते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली तीही १८५५ मध्येच. त्याच वर्षी त्यांच्या पुण्यातील शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. नाटक, प्रौढांची शाळा आणि मुलीची लेखणी एका वर्षात एका शहरात एकत्र येतात, ही गोष्ट आपल्या नाट्येतिहासकारांनी पुरेशी पाहिलेली नाही. त्यांचा इतिहास सांगलीच्या राजवाड्यातून निघतो आणि नाट्यगृहात थांबतो.

१८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्यातून सत्यशोधकी जलसा आला. ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव त्याच्या प्रारंभाशी जोडले जाते. तमाशाचा गण, गौळण, बतावणी, वग हा सांगाडा ठेवून आतले मांस बदलायचे, ही युक्ती जलशाने केली. महाडनंतर, आणि विशेषतः २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाल्यानंतर, तीच युक्ती आंबेडकरी जलशाने हाती घेतली. नाचणारी बाई काढून टाकली. बतावणीत पाणवठा आला, पडकी जनावरे ओढण्याचा प्रश्न आला, दारू आली, सावकाराचे व्याज आले. भीमराव कर्डक, केरूबुवा गायकवाड, भाऊ फक्कड यांचे जलसे गाजले. कर्डकांनी १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहिले नसते तर आज आपल्याजवळ ऐकीव गोष्टींखेरीज फारसे काही उरले नसते.

हे मोठे जलसे झाले. त्यांच्या पाठोपाठ गावोगाव, ज्यांची नावे कोठेच आली नाहीत असे छोटे जलसे उभे राहिले. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावातही एक होता. माझे वडील त्यात बाईचे काम करीत.

वडिलांचा जन्म १९१८ च्या साथीच्या वर्षातला, असे आजी सांगायची. काळारामचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते बारा वर्षांचे. त्यानंतर दोनेक वर्षांनी महारवाड्यातल्या माणसांनी नाशिकला एक जलसा पाहिला आणि परत येताना वाटेतच ठरवले की आपणही करायचा. दिवाळी झाली, कामे जरा हलकी झाली की रात्री तक्क्यात बसायचे. उजेडाला रॉकेलची चिमणी. गॅसबत्ती भाड्याची, ती फक्त खेळाच्या रात्री. मराठी चौथी झालेला एकच माणूस. तो आधी ‘जनता’चा अंक मोठ्याने वाचायचा. अंक कधी पंधरा दिवस जुना, कधी महिनाभराचा. मग त्यावर बोलणे व्हायचे, भांडणही व्हायचे, आणि त्या भांडणातच पुढच्या बतावणीचा विषय निघायचा. नंतर तो एकेक ओळ सांगायचा आणि बाकीचे म्हणायचे. वही एक, पाठांतर वीस जणांचे.

वयाची अट कोणालाच नव्हती. साठीचा म्हातारा झिलकरी म्हणून मागे उभा राही आणि त्याचा नातू झांज धरी. ज्याला गाता येत नसे तो ढोलकीची शाई घोटायला बसे. काहीच न येणारा चिमणीची वात पुढे-मागे करी, आणि त्यालाही आपण जलशात आहोत असे वाटे.

वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट मी अनेकदा ऐकली. बतावणीत पाटलाचे काम एका धिप्पाड माणसाला दिले होते. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण त्याला बसता येईना. तक्क्यात खुर्ची कुठली? दोन दगडांवर फळी टाकून वर घोंगडी अंथरली होती. पाटलाने तिच्यावर बसायचे आणि बाकीच्यांनी खाली उभे राहून ‘जोहार मायबाप’ म्हणायचे. हा बसायचा, आणि कोणी म्हातारे माणूस दारातून आत आले की ताडकन उठायचा. समोरच्याने जोहार घातला की याचा स्वतःचा हात कपाळाकडे जायचा. लोक हसत. तोही हसे, आणि पुन्हा उठे. आठ रात्री गेल्या. नवव्या रात्री तो बसून राहिला, जोहार ऐकला आणि पाटलासारखी मान नुसती हलवली. वडील म्हणत, त्या रात्री कोणी हसले नाही.

मला वाटते, आंबेडकरी जलशाचे सगळे मर्म या आठ रात्रींत आहे. आपल्या समीक्षकांनी जलशाला ‘प्रचारी’ म्हणून बाजूला सारले. त्यांनी कवनांच्या वह्या उघडल्या, प्रतिमा शोधल्या, अलंकार मोजले, आणि सापडले नाहीत म्हणून वह्या मिटल्या. पण वही हा जलशाचा सर्वांत लहान भाग होता. पिढ्यान् पिढ्या वाकलेली पाठ सोंगाच्या निमित्ताने सरळ करून पाहायची, तिला त्याची सवय लावायची, हे काम तालमीत होत होते. त्या धिप्पाड माणसाने पुढे खऱ्या पाटलापुढे जोहार घालणे सोडले. लगेच नाही, पण सोडले. त्याबद्दल त्याने मारही खाल्ला.

आता बायकांविषयी. जलशात बाई उभी राहत नसे. तमाशाने जे केले होते त्याची ती जखम होती, आणि म्हणून बाईचे काम माझ्या वडिलांसारखा मिसरूड न फुटलेला पोरगा करी. पण तालमीला बायका यायच्या. मागच्या भिंतीला टेकून मांडीवर पोर घेऊन बसायच्या. वडिलांची एक चुलती होती, तिने त्यांचे लुगडे नेसणे तीनदा सोडायला लावले. ‘आरं, पाण्याला निघालेली बाई अशी चालती का? तुझ्या डोक्यावर भरली घागर हाय, इसरलास का?’ असे म्हणून तिने खरी घागर त्यांच्या डोक्यावर दिली आणि तक्क्याला दोन फेऱ्या मारायला लावल्या. एखाद्याची ओळ चुकली तर ती भिंतीकडूनच दुरुस्त होई, कारण दिवसभर जात्यावर आणि शेतात त्या ओळी बायकांच्याच तोंडी असत. पुढे हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा एक मोठाच भाग आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून चळवळीतील स्त्रियांची नावे तरी वाचवली. वडिलांच्या त्या चुलतीचे नाव जलशाच्या वहीत नाही. तिने निम्मा जलसा बसवला होता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आपल्या नियतकालिकांतही आपण टाळत आलो. ढोलकी आमच्या वाड्यातली. हलगी मात्र मांगवाड्यातून यायची. हलगीवाला तालमीला रोज येई. जाळावर हलगी तापवायची, बोटाने टिचकी मारून आवाज पाहायचा, हे त्याच्याइतके कोणालाच जमत नसे. पण तो दाराजवळ बसे. मधेच चहा झाला तर त्याची जर्मनची वाटी वेगळी होती आणि ती तो स्वतः धुऊन कोनाड्यात ठेवी. बतावणीत पाणवठ्यावरच्या अन्यायाचे बोल चालू असत आणि कोनाड्यात ती वाटी असे. वडील हे सांगताना नेहमी आवाज खाली आणत. कोणी त्यावर बोलले का, असे मी एकदा विचारले. ‘बोलला ना,’ ते म्हणाले, ‘तोच बोलला. दुसऱ्या साली आलाच नाही.’

अण्णाभाऊ साठे १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करतात आणि आंबेडकरी जलशाच्या वाटेने येत नाहीत, याची तात्त्विक कारणे आपण पुष्कळ सांगतो. मार्क्सवाद सांगतो, गिरणगाव सांगतो. ती खोटी नाहीत. पण त्या कोनाड्यातल्या वाटीचाही त्यात काही हिशेब असेल का, हे स्वतःला विचारायला हरकत नाही. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनीच केले आणि ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. हात त्यांनी पुढे केला होता.

१९५६ नंतर जलसा ओसरला. त्याच्या जागी गायन पार्टी आली, कव्वालीचे सामने आले. वामनदादा कर्डक आमच्याच तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ चा जन्म. शाळेत ते गेले नव्हते. मुंबईत, चांगले मोठे झाल्यावर त्यांनी अक्षरओळख करून घेतली, आणि २००४ मध्ये गेले तेव्हा मागे हजारो गाणी होती. ज्या परंपरेत मोठ्या माणसाने पाटी हाती धरणे लाजेचे मानले जात नव्हते, तिथेच असा कवी होऊ शकतो. इकडे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९५५ मध्ये प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ केले. दलित रंगभूमीचा इतिहास काही जण तेथून मोजतात. मला ते पटत नाही, पण तेथून एक नवीन गोष्ट सुरू झाली हे खरे: नाटक शिकलेल्या मुलांचे झाले. पुढे प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’सारख्या एकांकिका दोन नटांवर, कोणत्याही सामानाविना वस्त्यांतून होऊ शकल्या, पण म्हातारे, पोरेबाळे आणि भिंतीला टेकलेल्या बायका ही तालमीची जुनी बैठक हळूहळू मोडत गेली. ती मोडली ती आम्हीच मोडली. नाट्यस्पर्धेला पात्रे लागतात, झिलकरी म्हातारा लागत नाही.

कार्यशाळेच्या तिसऱ्या दिवशी मुलांनी बसवलेला प्रवेश दाखवला. विषय वरून आलेला होता, स्वच्छता. मुले कचरा टाकणाऱ्या माणसांचे सोंग करीत होती आणि एक मुलगी त्यांना कचरा करू नका म्हणून सांगत होती. पुढच्या रांगेत तिचे वडील बसले होते. ते नगरपालिकेच्या सफाई खात्यात आहेत. पहाटे पाचला साऱ्या शहराचा कचरा उचलून आले होते. न्याय म्हणून हेही सांगतो की जलशातही स्वच्छतेवर बोल असत, आणि ते कडक असत. पण बोलणारा त्याच आळीतला असे आणि ऐकणारा त्याला तिथल्या तिथे उलटून विचारू शकत असे.

खेळ संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली. माझ्याजवळ वडिलांची वही आहे हे तिला कोणीतरी सांगितले होते. मी तिला घरी नेले आणि वही दाखवली. मोडीतली काही पाने, बाकी बाळबोध, मध्येच उधारीचे हिशेब. पात्रांच्या यादीत ‘पाणी भरणारी बाई’ यापुढे वडिलांचे नाव आहे. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘आजोबा, बाईचं काम बाप्या का करायचा?’

मी तिला पवळाबाईंची गोष्ट सांगितली. बापूराव, महाड, तो नकार, सगळे. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘पण त्या दुसऱ्या आजी तर होत्या ना, घागर देणाऱ्या. त्यांना का नाही उभं केलं?’ मी म्हणालो, लोक नावे ठेवतील अशी भीती होती. ‘कोण लोक?’ तिने विचारले. मला थांबावे लागले, कारण नावे ठेवणारे गावातले नव्हते, आमच्याच वाड्यातले होते.

वही ती उतरवून घ्यायला घेऊन गेली आहे. ज्या म्हातारबाबांना दारातून परत जावे लागले ते आता रविवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसतात. आणखी सात-आठ मुले येतात. मुलीची आजीही येते, मागे बसते. बाबांना बतावणीची बरीचशी पाठ आहे, जिथे अडते तिथे मुलगी वहीत बघून सांगते. हलगीसाठी पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाला विचारले आहे. तो बँडमध्ये वाजवतो, लग्नसराई संपल्यावर येतो म्हणाला.